टेकडीची मात्रा

१९३८ साली विनोबांचे वजन ८८ पौंडांवर, म्हणजे चाळीस किलोवर आले होते. वय बेचाळीस. प्रकृती इतकी ढासळलेली की, गांधीजींनी त्यांना एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितले. विनोबांनी ठिकाण निवडले ते पवनार! वर्ध्याहून सायकलवर सहज गाठता येणारे, धाम नदीच्या काठचे गाव. तिथे नदीलगतच्या टेकडीवर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात राहिलेल्या कोणालाही पवनारला ‘थंड हवेचे ठिकाण’ म्हटलेले ऐकून हसू येईल. पण विनोबा तिथे गेले, डोक्यातली सगळी कामे धामच्या पुलावर सोडून गेले आणि टेकडीवरच्या मोकळ्या जागेत फिरू लागले, कुदळ घेऊन खणू लागले. पहिल्या दिवशी पाचच मिनिटे. दुसऱ्या दिवशी थोडी जास्त. असे करत करत पुढे ते दिवसाला तास-दोन तासांपर्यंत पोहोचले. वर्ष उलटायच्या आत वजन १२८ पौंडांच्या घरात गेले. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९५१ साली, हाच माणूस भूदानासाठी पायी निघाला आणि वर्षानुवर्षे देशभर चालत राहिला.

यावरून पवनारच्या टेकडीत काही दैवी गुण आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. विश्रांती होती, आहार होता, डोक्याला शांतता होती. मला यातली महत्त्वाची वाटते ती पाच मिनिटांची गोष्ट. औषध मोजून घ्यावे तसे श्रम मोजून घेतले. आणि नेमके हेच आपण टेकडीच्या बाबतीत करत नाही. एक तर वर्षानुवर्षे टेकडीकडे पाहतही नाही, किंवा एक जानेवारीच्या सकाळी नवे बूट घालून जातो, शेजाऱ्याच्या पुढे जायचे म्हणून धापा टाकत माथा गाठतो आणि दोन दिवस जिना उतरता येत नाही म्हणून पुन्हा तिकडे फिरकत नाही.

वर्धा जिल्हा म्हटला की डोळ्यांपुढे सपाटी येते. पऱ्हाटी, तूर, सोयाबीन आणि मधून वाहणाऱ्या धाम, बोर, वणा या नद्या. डोंगर चढायचा तर चिखलदरा किंवा पचमढी, अशी आपली समजूत. पण शहरातच हनुमान टेकडी आहे, आयटीआयची टेकडी आहे. समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजाकडे गेलो तर जमीन चांगलीच उंचसखल होते आणि उतारांवर संत्र्याच्या बागा दिसू लागतात. यांतली एकही टेकडी गिर्यारोहक ढुंकून पाहील अशी नाही. मात्र आरोग्याच्या दृष्टीने टेकडी उंच असण्यापेक्षा ती घराजवळ असणे जास्त मोलाचे असते. वर्षातून एकदा कळसूबाईला जाणाऱ्यापेक्षा आठवड्यातून चार वेळा हनुमान टेकडी चढणाऱ्याचे हृदय अधिक सुदृढ राहण्याची शक्यता जास्त.

टेकडी मोजून घ्यायची ही कल्पना वैद्यकात नवी नाही. १८८०च्या दशकात म्युनिकचे डॉक्टर मॅक्स योझेफ ओर्टेल यांनी तिची एक उपचारपद्धतीच बनवली. त्या काळी हृदयरोग्याला अंथरुणाला खिळवून ठेवण्याकडे डॉक्टरांचा कल असे. ओर्टेल म्हणाले, उलट त्याला चढावर चालवा, पण हिशेबाने. आधी सपाट वाट, मग हलका चढ, मग मध्यम, मग खडा. चढाप्रमाणे वाटांचे वर्ग पाडायचे, त्यांवर खुणा करायच्या, दम लागला की बसायला बाक ठेवायचे. ही पद्धत जिथे रुजली त्यांतले एक ठिकाण म्हणजे दक्षिण टायरॉलमधले मेरानो. तेव्हा ते ऑस्ट्रियात होते, आज इटलीत आहे. नदीचे खोरे, दोन्ही बाजूंच्या उतारांवर द्राक्षमळे आणि त्यांच्या वरून गावाचा नजारा दाखवणारी पायवाट. तिथल्याच फ्रान्झ टापायनर नावाच्या डॉक्टरांनी गावाच्या वरच्या अंगाला एक आरामशीर फिरण्याची वाट बांधवून घेतली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि लोक आजही तिच्यावर फिरतात. त्याच मेरानोत रोग्यांना दिवसभर द्राक्षे खायला घालण्याचा ‘द्राक्षोपचार’ही चाले. तो काळाच्या ओघात मागे पडला, वाट मात्र टिकली. ओर्टेल यांचे सगळेच बरोबर होते असे नाही. रोग्याने पाणी कमी प्यावे असाही त्यांचा आग्रह होता. वर्ध्याच्या उन्हात तो सल्ला कोणी पाळला तर टेकडीऐवजी दवाखाना गाठावा लागेल.

चढावर शरीरात नेमके काय होते? व्यायामशास्त्रात श्रम मोजण्यासाठी ‘मेट’ हे माप वापरतात. स्वस्थ बसलेले असताना शरीराला जेवढा प्राणवायू लागतो तो एक मेट. सपाट रस्त्यावर ताशी पावणेपाच-पाच किलोमीटरने चालताना साधारण सव्वातीन मेट लागतात. त्याच वेगाने दहा टक्के चढावर, म्हणजे दर शंभर मीटरला दहा मीटर उंची वाढते अशा वाटेवर, हाच आकडा सातच्या पुढे जातो. म्हणजे दुपटीहून जास्त. आता वेग कमी करून ताशी तीन किलोमीटरवर आणा. रमतगमत म्हणावे असा हा वेग. तरीही त्या चढावर पाच मेट लागतात. सपाटीवर झपझप चालणाऱ्यापेक्षा टेकडीवर सावकाश चढणारा माणूस जास्त काम करत असतो, तो या हिशेबाने. ज्यांना वयामुळे किंवा वजनामुळे भरभर चालता येत नाही, त्यांच्यासाठी ही फार सोयीची गोष्ट आहे. पाय झपझप उचलावे लागत नाहीत आणि हृदयाला व्यायाम मिळतो.

वजन मात्र टेकडीने लगेच उतरत नाही, हेही सांगून टाकतो. साठ किलोच्या माणसाने पन्नास मीटर उंची चढली तर गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे काम जेमतेम सात किलोकॅलरींचे होते. स्नायू काही शंभर टक्के कार्यक्षम नसतात, चार-पाच पट इंधन जाळतात; म्हणजे तीस-पस्तीस किलोकॅलरी धरा. खाली उतरून गोरसपाकाचा एक तुकडा तोंडात टाकला की हिशेब चुकता, वर थोडे देणेच. गोरसपाक खाऊ नये असे मी वर्धेकरांना सांगणार नाही, तेवढी हिंमत नाही. पण टेकडी चढायची ती हृदयासाठी, रक्तवाहिन्यांसाठी, मांड्यांच्या स्नायूंसाठी. काट्यावरचा आकडा पुढच्या आठवड्यात हलला नाही म्हणून बूट कोनाड्यात टाकू नयेत.

चढण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो डोंगरात नव्हे, बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करत. कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले आणि झटका आला तरी त्यात लगेच दगावण्याचे प्रमाणही कमी. कंडक्टर मुळातच सडपातळ असत का, अशी शंका पुढे घेतली गेली, तपासलीही गेली. पण नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी मूळ दिशा तीच असल्याचे दाखवले. तिकिटे फाडता फाडता कंडक्टर रोज एक टेकडी चढत होता, असे म्हणायला हरकत नाही.

उतरणीला आपण फुकटचे समजतो. माथ्यावर पोहोचलो म्हणजे काम झाले, आता काय, घरीच जायचे. ऑस्ट्रियातल्या हाइन्झ ड्रेक्सेल या डॉक्टरांच्या चमूने याची एक मजेदार परीक्षा घेतली. व्यायामाची सवय नसलेल्या निरोगी माणसांना दोन महिने डोंगर फक्त चढायला लावला आणि खाली आणले ते केबल कारने. पुढचे दोन महिने उलट: केबल कारने वर नेले, पायी उतरवले. डोंगर ५४० मीटर उंचीचा, फेऱ्या आठवड्यातून तीन ते पाच. चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड्स ही चरबी उतरली. उतरण्याने साखर पचवण्याची ताकद सुधारली. वाईट कोलेस्टेरॉल दोन्हींनी घटले. अभ्यास छोटा होता आणि आपल्या टेकड्या त्या डोंगराच्या पासंगालाही पुरणार नाहीत. तरी कारण समजून घेण्यासारखे आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराला आवरून धरत असतो, ब्रेकसारखा. असे काम करताना दम कमी लागतो, पण स्नायूला भरपूर ताण पडतो. मधुमेह घरोघरी पोहोचलेल्या आपल्या समाजात, ज्यांना दम लागतो म्हणून व्यायाम नको वाटतो अशांसाठी उतरण ही दुर्लक्षित संधी आहे. तुमच्या भागात टेकडीवर गाडीरस्ता असेल तर सुरुवातीला मुलाच्या स्कूटरवर मागे बसून वर जा आणि पायी खाली या. यात लाजण्यासारखे काही नाही.

किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली, दुखणे. ब्रेक लावणाऱ्या स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ती त्या दिवशी जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. हे आजाराचे लक्षण नव्हे. थोडे थांबून पुन्हा तीच टेकडी उतरली की दुखणे बरेच कमी असते, कारण स्नायू एका अनुभवातूनच शहाणा होतो. आपण माणसे एवढ्या लवकर होत नाही.

दुसरी, गुडघे. कृत्रिम गुडघ्यात भार मोजणारी यंत्रणा बसवून जर्मनीत मोजमापे झाली आहेत. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा जास्त भार येतो, जिना चढताना तिपटीच्या पुढे, उतरताना साडेतीन पटींच्या आसपास. सत्तर किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर प्रत्येक पायरीला सुमारे अडीचशे किलो. निरोगी गुडघ्याला हे झेपते, त्यासाठीच तो घडला आहे. झिजलेल्या गुडघ्याला हळूहळू झेपवावे लागते. पावले छोटी टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा, थेट खाली न येता नागमोडी उतरावे आणि हातात काठी घ्यावी. गुराख्याच्या हातातली काठी हा काही म्हातारपणाचा दाखला नाही. उतरल्यावर गुडघ्याला सूज आली किंवा दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढतच राहिले तर मात्र मात्रा जास्त झाली असे समजावे.

पायाखालच्या जमिनीकडेही लक्ष हवे. आपल्या टेकड्या लाव्हारसाच्या थरांच्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या खडकाच्या. हा खडक कुजला की मुरूम होतो आणि उतारावरचा सुटा मुरूम बुटाखाली मण्यांसारखा घरंगळतो. गिरडच्या टेकडीवर तर गोल गोल दगड सापडतात. तिथल्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्याची कथा अशी की, दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सारा माल दगड होऊन पडला. भूगर्भशास्त्राची कथा वेगळी आहे. तापलेल्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजे भरली आणि भोवतीचा खडक झिजल्यावर हे गोटे मोकळे झाले. दोन्ही कथा ऐकाव्यात, पण गोट्यांवर पाय ठेवू नये. घोटा मुरगळण्याचे प्रसंग चढताना क्वचित, उतरताना जास्त. झिजलेल्या तळव्याच्या चपला टेकडीला चालत नाहीत.

किती चढावे, याचे सगळ्यात सोपे माप आपल्या तोंडातच आहे. चढताना सोबत्याशी वाक्य पुरे बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम. दोन शब्दांतच दम तुटत असेल तर थांबा, वेग कमी करा. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यापेक्षा हे बरे, विशेषतः रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांना. त्या गोळ्यांनी नाडीचा वेग एरवीइतका वाढत नाही आणि घड्याळ फसवते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम किंवा त्याच्या निम्मा वेळ जोरकस व्यायाम सुचवला. टेकडी लहान असेल तर एकाच चढाईवर समाधान मानायला नको. तीस मीटरची टेकडी पाच वेळा वर-खाली केली की दीडशे मीटर होतात, आणि चढताना श्रम, उतरताना उसंत असे आपसूक टप्पे पडतात. पैसे मोजून व्यायामशाळेत हेच करवून घेतात.

पण पाच वेळा हे पहिल्या दिवशी नाही. चाळिशी ओलांडलेल्या, बैठे काम करणाऱ्या, रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपानाची पार्श्वभूमी असलेल्या माणसाने आधी सपाटीवर दोन-तीन आठवडे चालावे, डॉक्टरांना विचारावे आणि मगच टेकडीच्या निम्म्यापर्यंत जाऊन परत यावे. चढताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर ‘पित्त असेल’ म्हणून माथा गाठण्याचा हट्ट करू नये. तिथेच बसावे, १०८ला फोन लावावा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी. आणि नियमित चालणारा माणूस तपासणीतून सुटत नाही. गांधीजींएवढा चालणारा माणूस कोण? तरी १९४० सालच्या फेब्रुवारीत त्यांचा रक्तदाब २२०/११० नोंदला गेला होता. रक्तदाब चेहऱ्यावर दिसत नाही आणि पायांनाही कळत नाही.

वर्ध्यात टेकडीचा सगळ्यात मोठा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो आणि काळा दगड सूर्यास्तानंतरही बराच वेळ धगधगत असतो. म्हणून उन्हाळ्यात संध्याकाळपेक्षा पहाट बरी. सूर्य उगवताना माथ्यावर असावे आणि ऊन तापायच्या आत घरी. निघण्यापूर्वी पाणी प्यावे, सोबत न्यावे. मृगाच्या आधीच्या वादळी दुपारी टेकडीवर जाऊ नये. उघड्या माथ्यावरचे एकटे झाड हे वीज पडण्याचे आवडते ठिकाण. पावसाळ्यात गवत वाढले की घोणस दिसत नाही, तेव्हा मळलेली वाट सोडू नये. सेलू-कारंजाकडच्या जंगलाचा नियम वेगळा. बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तिथे पायी फिरायला परवानगी नाही आणि वाघ काही प्रकल्पाची हद्द वाचून चालत नाही. त्या पट्ट्यातल्या एकांड्या टेकड्या भल्या पहाटे एकट्याने गाठण्यात शौर्य नाही. गावकऱ्यांना विचारावे, ते ‘नका जाऊ’ म्हणाले तर जाऊ नये.

माथ्यावर पोहोचल्यावर लोक लगेच मोबाइल काढतात. थोडा वेळ तो खिशात राहू द्यावा. दिवसभर हातभर अंतरावर रोखलेल्या डोळ्याचा स्नायू क्षितिजाकडे पाहताना सैल सुटतो. मुलांना सोबत नेले तर आणखी चांगले, कारण मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ मुलांमध्ये जवळचेच दिसण्याचा दोष सुरू होण्यापासून काही प्रमाणात राखतो, असे पूर्व आशियातल्या शाळांमधले प्रयोग सांगतात. हिवाळ्याच्या सकाळी पवनारला टेकडीवरून धामच्या पात्रावर उतरलेले धुके मुलांना दाखवायला निराळे कारणही लागत नाही.

वर्ध्याच्या टेकड्यांवर एक काम आधीच झाले आहे. हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाच्या डॉक्टरांनी आणि नागरिकांनी, आयटीआय टेकडीवर निसर्ग सेवा समितीने झाडे लावली, पाणी घालून ती जगवली. चढणाऱ्याला आता सावली आहे. यापुढचे काम फार खर्चाचे नाही. ओर्टेल यांनी केले ते करावे: पायथ्यापासून दर दहा मीटर उंचीला दगडावर चुन्याची एक खूण, वळणावर एखादा बाक, आणि पायथ्याला एका पाटीवर सौम्य वाट कोणती, खडी कोणती, एवढे लिहिलेले. मग डॉक्टरला चिठ्ठीवर लिहिता येईल: पहिला आठवडा, दुसऱ्या खुणेपर्यंत. टेप, पाण्याची पातळी दाखवणारी नळी आणि चुन्याची बादली, एवढ्यावर एका रविवारच्या सकाळी हे होऊन जाईल.